अंगातलं लोखंड

लग्नात, बारशात, कुठंही गेलं तरी कुणीतरी विचारतंच, "तू लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहेस ना? कसं गं जमतं? सगळी रडारडच असेल!" मी म्हणते, असते, पण नुसती रडारड नसते. मग उदाहरण म्हणून एक किस्सा सांगायला घेते. तो संपायच्या आत दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसरा, आणि पंगत उठली तरी माझं चालूच! साताऱ्याला माझी बहीण असते. ती आता आधीच बजावते, "ताई, घास गिळेपर्यंत तरी हॉस्पिटल नको!"

आमचा वॉर्ड सांगलीत. ब्लड कॅन्सरची मुलं येतात, पार विट्यापासून माणपर्यंतची. औषधं इतकी कडक असतात की काही काळ मुलाच्या अंगात रक्त तयार होणंच थांबतं. मग दुसऱ्याचं चढवायचं, पुन्हा पुन्हा चढवायचं. त्याशिवाय मूल तगत नाही. पण प्रत्येक पिशवीबरोबर अंगात लोखंड येतं, आणि जास्तीचं लोखंड बाहेर टाकायची वाट शरीराला ठेवलेलीच नाही. ते लिव्हरमध्ये, हृदयात जाऊन बसतं. ज्या रक्तानं मूल वाचतं, त्याच रक्तातलं लोखंड पुढं त्याला छळतं!

आणि आपल्या लोकांना लोखंड म्हटलं की फक्त ताकद आठवते. किस्से सुरू होतात ते इथूनच. ऐकणारे हसतात. मीही हसत हसतच सांगते, निदान सुरुवातीला तरी.

* * *

इस्लामपूरकडच्या एक आजी होत्या. नातवाला घेऊन यायच्या. येताना हातात कॅन. कॅनमध्ये काकवी!

आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "आजी, काकवी बंद, गूळ बंद, लोखंडी कढईतली भाजी बंद. टॉनिक तर अजिबात नाही. याच्या अंगात लोखंड जास्त झालंय."

आजींना ते पटेना. "आवं मॅडम, ह्यात कसलं आलंय लोखंड? आमच्या घरच्या उसाची हाय. बिनकेमिकलची!"

मॅडमनी कागदावर लिव्हर काढून दाखवलं, हृदय काढून दाखवलं. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली. पुढच्या खेपेला पुन्हा कॅन घेऊन हजर! या वेळी थेट मॅडमच्या टेबलावर.

"आजी, काय सांगितलं होतं मी?"

"पोराला न्हाई वो. तुमच्यासाठी आणलीय. आरशात बघितलं का कधी? कशा पांढऱ्याफटक पडलाय!"

आम्ही सगळ्या तोंडाला पदर, ओढणी, जे असेल ते लावून हसलो. दुपारी मॅडमनी गुपचूप स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. नातवापेक्षा कमी निघालं! त्या दिवसापासून मॅडमच्या डब्यात पोळीबरोबर काकवी असते.

* * *

आता प्रांजल. पुढचं बहुतेक सगळं तिचंच आहे.

प्रांजल विट्याजवळच्या एका गावातली. आजारी पडली तेव्हा पहिलीत होती. तिची आई शुभांगी तिच्याबरोबर असायची. बाप तिकडं सेलमला, सोनं गाळायचं दुकान चालवतो. त्या भागात घरटी एकजण तरी याच धंद्यात, कुठल्या ना कुठल्या परमुलखात. आणि घराचे कमांडर म्हणजे आजोबा, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, आम्हीही आबाच म्हणायला लागलो.

एकदा शुभांगी मॅडमच्या मागं लागली. "मॅडम, परवा गावची यात्रा हाय. पोरगी बघा कशी दिसती. एक बाटली चढवा की."

"शुभांगी, तिचं हिमोग्लोबिन चांगलं आहे. आत्ता रक्ताची गरज नाही. हे काय ब्युटी पार्लर आहे का?"

"तसं न्हाई मॅडम. रक्त चढवलं की दोन दिस तोंडावर टवटवी येती. यात्रेत समद्या बायका बघणार. तोंडावर कोण बोलत न्हाई, पाठीमागं लय बोलत्यात. एक दिस तरी माझी पोरगी गुलाबी दिसू दे."

मॅडमनी रक्त काही दिलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि समजावून परत पाठवलं. प्रत्येक पिशवी मोजूनमापून द्यायची हा त्यांचा हट्टच होता.

यात्रेहून आल्यावर शुभांगीनं मोबाईलवर फोटो दाखवला. पालखीपुढं उभी असलेली प्रांजल, गाल लालभडक! बाईनं बसस्टँडजवळून लिपस्टिक घेतली होती आणि अर्धी कांडी पोरीच्या गालावर चोळली होती. "बायका काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, पोरीला ताप आलाय काय गं?"

* * *

रक्त चढवायचं तर ते द्यायलाही कुणीतरी लागतं. बाकीच्या आईबापांची त्यासाठी वणवण होते. आबांचं तसं नव्हतं. आबांनी एक फोन केला की गावातून जीप भरून पोरं यायची. ब्लड बँकेच्या कॉरिडॉरमध्ये आबा त्यांना रांगेत उभं करायचे आणि तपासणी करत फिरायचे.

"नाश्ता केलास?"

"व्हय आबा."

"काल घेतली व्हतीस?"

"थोडीच, आबा."

"पीछे मुड!"

तो पोरगा खरंच वळून जीपमध्ये जाऊन बसायचा.

प्रांजलचा पक्का समज होता की जो रक्त देतो त्याचंच रक्त तिला चढतं. "सिस्टर, आज पैलवानकाकाचं चढलं!" असं म्हणून दंड फुगवून दाखवायची. एखाद्या दिवशी तिची चिडचिड झाली, सुई टोचू देईना, की आबा शांतपणे म्हणायचे, "आज तात्याचं चढलेलं दिसतंय." हे तात्या म्हणजे बांधावरून सगळ्या गावाशी भांडून बसलेले गृहस्थ. तेही रक्त द्यायला मात्र वेळेवर यायचे.

खरं तर असं काही नसतं. ब्लड बँकेत दिलेली पिशवी साठ्यात जाते. तिथून जी जुळते ती मुलाला मिळते. पैलवानाचं रक्त मिरजेच्या एखाद्या बाळंतिणीला गेलेलं असायचं. मी एकदा आबांना बाजूला घेऊन हे सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

"सिस्टर, ह्ये गावात बोलू नका," ते म्हणाले. "माझी लाईन मोडंल."

* * *

प्रांजल बरी झाली! ट्रीटमेंट पूर्ण झाली, पुढच्या तपासण्या स्वच्छ आल्या. तिचा बाप सेलमहून पेढे घेऊन आला. अंगानं बारीक, बोलायला कमी. मॅडमपुढं बसला आणि म्हणाला, "मॅडम, पोरगी आता किती टंच झाली?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मग त्यानंच सांगितलं की सोन्याचा कस टंचात मोजतात. सोनं जितकं शुद्ध, तितके टंच जास्त.

मॅडम म्हणाल्या, "कॅन्सरच्या बाबतीत विचाराल तर शंभर टंच. पण भेसळ राहिली आहे. लोखंड."

माणसानं पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "आमच्याकडं भेसळ असली की भट्टीत घालतो, तेजाबात, म्हंजे ॲसिडात टाकतो. हिला कशात टाकू?"

मॅडमनी सांगितलं की आता प्रांजलचं स्वतःचं रक्त छान तयार होतंय. त्यामुळं ठरावीक दिवसांनी तिचं थोडं थोडं रक्त काढायचं. नवं रक्त करताना शरीर साठलेलं लोखंड वापरतं. पुन्हा काढायचं, पुन्हा वापरतं. असं करत साठा उतरतो.

"म्हंजे गाळायचं!" तो म्हणाला. "ह्ये आमचंच काम की! मग करा सुरू."

मोठे मोठे शिकलेले आईबाप या ठिकाणी अडखळतात. बरं झालेल्या पोराचं रक्त काढायचं म्हटल्यावर आम्हालाच वेड्यात काढतात. या माणसाला एका मिनिटात कळलं. मला वाटलं, चला, निदान या पोरीचं तरी वेळेवर होणार. तो निर्धास्त मनानं सेलमला परत गेला.

आणि मग आबा आडवे आले.

* * *

"रक्त काढायचं?" आबा म्हणाले. "आणि काढून काय करणार?"

"टाकून द्यायचं," मॅडम म्हणाल्या. "ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"मॅडम, गावानं दंड पुढं करून दिलंय ते. लोकं रान सोडून, पाण्याची पाळी सोडून आली. आणि तुमी ते गटारात वतणार?"

मॅडमनी परोपरीनं सांगितलं. लोखंड उतरवायचं औषधही देऊन बघितलं, पण ते औषध प्रांजलच्या किडनीला सोसेना, बंद करावं लागलं. आबांचं एकच, "यात्रा होऊ द्या, मग बघू." यात्रा झाली. "दिवाळी होऊ द्या." दिवाळीही झाली. सेलमहून बापाचे फोन यायचे, "सुरू केलं का?" इकडून शुभांगी सांगायची, "करणार हायत." सासऱ्यापुढं तिचं काय चालणार!

शाळेचा फोटो घेऊन शुभांगी एकदा माझ्याकडं आली. आदल्या वर्षी प्रांजल मागच्या रांगेत उभी होती. या वर्षी तिला पुढं, बारक्या पोरींच्यात बसवलेलं. वाढच थांबली होती. रंगही काळपट राखेसारखा व्हायला लागला होता.

"आता लिपस्टिकनं पण भागत न्हाई सिस्टर," शुभांगी म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मला अजिबात बघवलं नाही.

* * *

याच दिवसांत सागर परत आला.

सागर माणमधला. त्याचा बाप मेंढरं राखायचा. ट्रीटमेंट चालू असताना हा बाप एकदा घरून डबा घेऊन आला होता. उघडला तर बकऱ्याची कलेजी! सगळ्या वॉर्डात वास. शेजारच्या बेडवर एका जैन आजींचा नातू होता. आजींनी नाकाला पदर लावला आणि ओरडल्या, "अहो, आधी ते बाहेर न्या!" आम्ही बापाला समजावलं की कलेजी म्हणजे तर लोखंडाचं कोठार, सागरला अजिबात चालणार नाही. बाप जिन्यात बसला आणि एकट्यानं सगळा डबा खाल्ला. परत आला आणि म्हणाला, "टाकायची कशी? बकरं सागरच्या नावानं सोडल्यालं व्हतं."

सागर बरा झाला, आम्ही टाळ्या वाजवून निरोप दिला. तपासणीला येत राहा म्हणून बजावलं. पण माणमध्ये पाणी आटलं की मेंढरं घेऊन सगळं घर घाटाखाली उतरतं. आज इथं, उद्या तिथं. आम्ही फोन लावायचो तर रेंज नाही. शेवटी फोन नंबरच बदलला.

आता आला तो धापा टाकत आला. पाय सुजलेले. मिसरूड फुटायच्या वयाचा, पण दिसायला चौथीतल्या पोरासारखा. कॅन्सर कुठंच नव्हता. हृदय लोखंडानं भरलेलं होतं.

मॅडमनी होतं नव्हतं ते सगळं केलं. पुण्याला पाठवलं. तिथून तो घरी गेला नाही.

बापाचा फोन मला आला होता. त्याला एकच विचारायचं होतं. "सिस्टर, मी तवा ती कलेजी त्याला दिली न्हाई ना? एक तुकडा बी दिला न्हाई ना?" मी म्हणाले, नाही दादा, तुम्ही एक तुकडासुद्धा दिला नाही. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. जे पोर कॅन्सरमधून निघालं, ते असं जावं! मला अजूनही त्या घाटाचा, त्या आटलेल्या पाण्याचा, सगळ्याचाच राग येतो.

* * *

सागरनंतर मॅडमनी प्रांजलचा एमआरआय करून घेतला. लोखंड हृदयापर्यंत पोचायला सुरुवात झाली होती. मॅडमनी रिपोर्ट आबांच्या पुढ्यात ठेवला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. आबा रिपोर्टकडं न बघता उठून बाहेर गेले.

मग शुभांगी मला म्हणाली, "सिस्टर, आबा रक्तासाठी अडत न्हाईत. ते हौसाकाकूसाठी अडत्यात."

हौसाकाकू आबांच्या शेजारच्या. विधवा बाई, एकुलता एक मुलगा संदीप. आबांनीच त्याला पहाटे पळवून पळवून मिलिटरीत भरती केलेला. तो सुट्टीवर आला होता, परत जायच्या तयारीत होता. तेव्हाच प्रांजलला रक्त लागलं, आणि आबा त्याला म्हणाले, "जायच्या आधी सांगलीला रक्त देऊन ये." पोरगा मोटारसायकलवर आला, रक्त दिलं आणि बॅग घ्यायला गावाकडं परत निघाला. अंधार पडत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना लाल दिवा ना रेडियम. तो तिच्यावर आदळला आणि जागीच गेला.

तेव्हापासून हौसाकाकू दररोज आबांच्या घरी येते. प्रांजलला जवळ घेते, तिचं मनगट हातात धरून थोडा वेळ बसते आणि उठून जाते. माझा संदीप हिच्यात आहे, असं तिनं धरून ठेवलंय. पिशवी साठ्यात जाते, हे आबांनी गावात कळू दिलेलंच नव्हतं. आणि आबांनी तिला काय म्हणून सांगायचं, की ते रक्त आता काढून टाकणार आहेत?

मॅडमनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यांनाच घेऊन या."

आबा त्यांना घेऊन आले. हौसाकाकू म्हणजे काडीसारखी बाई. डोक्यावरचा पदर जरा ढळू देत नव्हती. प्रांजल त्यांना चिकटून बसली. आबा खिडकीपाशी पाठ करून उभे.

मॅडमनी आडवळण घेतलं नाही. "काकू, संदीपचं रक्त आता हिच्या अंगात नाही. दिलेल्या रक्तातल्या पेशी दोन-चार महिन्यांत मरतात. कुणाचंही रक्त असलं तरी."

"म्हंजे तो न्हाईच हिच्यात?"

"रक्त नाही. त्यातलं लोखंड तेवढं मागं राहतं. आता जे काढायचंय ते लोखंड."

मी कपाळाला हात लावला. आशा तुटली होती, ती मॅडमनी परत जोडून दिली! आता काकू लोखंडही काढू देणार नाहीत, असं मला वाटलं.

हौसाकाकूंनी प्रांजलचं मनगट हातात घेतलं. मग म्हणाल्या, "त्याचा पोरीला तरास व्हतोय?"

"होय."

"लय?"

"असंच राहिलं तर जीवावर बेतेल."

हौसाकाकू उठल्या. प्रांजलला हाताला धरून स्वतःच रक्त काढायच्या खुर्चीपाशी नेलं, बसवलं. "काढा," म्हणाल्या. खिडकीपाशी आबांचे खांदे हलत होते. सुभेदाराला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मी सुई लावली. नळी लाल झाली, पिशवी हळूहळू भरायला लागली. हौसाकाकू प्रांजलचा दुसरा हात धरून बसल्या होत्या. पिशवीवरची नजर त्यांनी हलवली नाही.

"मॅडम," मध्येच त्या म्हणाल्या, "समदं लोखंड काढणार?"

"नाही काकू. थोडं सगळ्यांच्याच अंगात लागतं. तेवढं हिच्यात ठेवणार."

"मग त्या थोड्यात माझ्या संदीपला ऱ्हाऊ द्या," हौसाकाकू म्हणाल्या. "एसटीत बी अंग चोरून बसायचा. लय जागा लागत न्हाई त्याला."